आज काय नीट नाही?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला सांगितलं होतं की तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर एआयवर बोल. मी हो म्हटलं आणि आता ऐन वेळी विषय बदलते आहे. सर, शाळेत मी हे कधी केलं नव्हतं, तेव्हा एवढं माफ करा.

मी बोलणार आहे सात मिनिटांच्या बैठकीबद्दल. खरं तर तिला बैठक म्हणायचं कारण नाही, कारण त्यात कोणी बसत नाही. कारखान्यात शिफ्ट सुरू होण्याच्या वेळी आठ-दहा माणसं मशीनजवळ उभी राहतात आणि आजच्या कामात धोका कुठे आहे त्याबद्दल बोलतात. याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आपल्यापैकी निम्मे तरी सातपूर, अंबड, सिन्नर किंवा चाकणला नोकरी करतात किंवा स्वतःचं वर्कशॉप चालवतात. त्यांना हा शब्द ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सोपं उदाहरण देते. आपला परिपाठ आठवा. रोज, ठरलेल्या वेळी, उभ्याने, थोडक्यात. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार.

त्यातला सुविचार आठवतो का कोणाला? एकही? मला नाही आठवत. मी तर पूर्ण एक सहामाही फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम केलं आहे. पण आठवीत एकदा परिपाठात पी.टी.च्या सरांनी विचारलं होतं, "पाण्याच्या टाकीजवळ काल कोण कोण घसरलं?" चौदा हात वर झाले होते. त्या दुपारी शिपाईमामांनी तिथलं शेवाळ घासून काढलं. ते मात्र मला लख्ख आठवतं, कारण त्या चौदा हातांत एक माझा होता.

आता जरा घरचं सांगते. आमचं घर सिडकोत होतं हे तुम्हाला माहीत आहे. बाबा एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये होते. कंपनीचं नाव सांगत नाही, आता ती तिथे नाहीही. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून. मग आठवडाभर कारखान्यांतून बिल्ले, फलक, शपथ आणि कामगारांच्या मुलांसाठी स्पर्धा. मार्च १९९३ मध्ये, म्हणजे आपण आठवीत असताना, बाबांच्या कंपनीत घोषवाक्य स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा तीन पुडांचा डबा. माझ्या घोषवाक्यात 'हात' आणि 'साथ' असं यमक होतं, एवढं आठवतंय. ते मोठ्या अक्षरांत रंगवून प्रेस शॉपच्या दारावर लावलं होतं. बाबा घरी येऊन सांगायचे, येताजाता तुझं नाव वाचतो.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. तर्जनी आणि मधलं.

तेव्हा मी नववीत होते. आठवडाभर शाळेत आले नव्हते, आणि आल्यावर गणिताच्या बाईंनी काही न विचारता मला मधल्या सुट्टीत बसवून राहिलेला धडा शिकवला होता. बाई, तुम्ही आज समोर आहात म्हणून सांगते, ते मी विसरलेले नाही. बाबांना पुढे कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं. सही ते डाव्या हाताने करायला शिकले. घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलायचं नाही. माझी समजूत अशी होती की बाबांचं लक्ष चुकलं असेल. अपघात म्हटलं की आपल्याला हेच वाटतं, कुणाचं तरी लक्ष नव्हतं. माझ्या घोषवाक्यातही तेच होतं. सावध राहा, म्हणजे हात राहील.

पुढे इंजिनिअरिंग, मग पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी, मग परत नाशिक. यात सांगण्यासारखं काही नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मित्राने मला फोन केला. अंबडला त्याचं पत्र्याचे सुटे भाग करायचं वर्कशॉप आहे, चाळीसेक माणसं. तो आता मागे उभा आहे, आणि हे सगळं त्याच्या परवानगीने सांगते आहे. त्याचं नाव तेवढं घेऊ नकोस म्हणाला. त्याच्या मोठ्या ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. ऑडिटमध्ये विचारतात, टूलबॉक्स टॉकची नोंद दाखवा. त्याच्याकडे रजिस्टर होतं. सोमवार ते शनिवार सगळ्यांच्या सह्या, एकाच पेनाने, शनिवारी केलेल्या. तो म्हणाला, "तू एखादं अॅप करून दे ना."

मी करून दिलं. दोन महिन्यांचे शनिवार-रविवार घालवले. बावन्न विषय मराठीत आणि हिंदीत लिहिले. विजेची सुरक्षा, हेल्मेट, उचलताना कंबर कशी वाकवायची, असं सगळं. सुपरवायझरने विषय निवडायचा, वाचून दाखवायचा, घोळक्याचा फोटो काढायचा, टिक करायची. मालकाला मोबाइलवर हिरवे चौकोन दिसणार. ऑडिटर खूश झाला. मीही खूश झाले. सलग अकरा आठवडे एकही चौकोन लाल झाला नाही.

बाराव्या आठवड्यात पेठ तालुक्यातून येणाऱ्या बावीस वर्षांच्या एका मुलाचा हात ग्राइंडरवर फाटला. तळहाताला टाके पडले, बोटं वाचली. मी त्या दिवसाची नोंद उघडून पाहिली. सकाळचा विषय होता 'ग्राइंडरवरील सुरक्षा'. फोटोत तो मुलगा दुसऱ्या रांगेत उभा होता. चौकोन हिरवा.

मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले. ग्राइंडरच्या चाकासमोर एक टेकू असतो, त्यावर जॉब टेकवून घासतात. चाक आणि टेकू यांत जास्तीत जास्त ३ मिलिमीटर फट असावी. चाक झिजत जातं तशी फट वाढते आणि टेकू पुढे सरकवावा लागतो. तो न सरकवल्याने जॉब फटीत ओढला गेला होता. मी त्या मुलाला विचारलं, फट वाढली आहे हे तुला माहीत होतं का? तो म्हणाला, "हो ताई. चार-पाच दिवस झाले." मग सांगितलं का नाहीस? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी काही विचित्रच विचारलं. म्हणाला, "कोणी विचारलं नाही. तिथं तर सर वाचतात."

त्या संध्याकाळी सिडकोत घरी आल्यावर हे मी बाबांना सांगितलं. नेहमीसारखं, जेवताना. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं मशीनही तीन दिवस डबल मारत होतं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या पद्धतीच्या प्रेसला पायाचं पेडल असतं. एकदा दाबलं की रॅम एकदा खाली येऊन वर थांबतो. आत क्लचची चावी असते, स्प्रिंग असते, ब्रेक असतो. यातलं काही झिजलं किंवा ढिलं पडलं की कधीतरी रॅम वर न थांबता आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. त्याला डबल मारणं म्हणतात. आणि नेमका त्याच वेळी माणसाचा हात तयार झालेला भाग काढायला आत गेलेला असतो. लक्ष कितीही असलं तरी तिथे उपयोग नाही.

तीस वर्षं मी समजत होते की बाबांचं लक्ष चुकलं. त्यांना तीन दिवस आधीपासून ठाऊक होतं. शेजारच्या मशीनवाल्यालाही ठाऊक होतं. मी विचारलं, "मग फोरमनला?" बाबा म्हणाले, "दिवाळीचं प्रॉडक्शन होतं. सांगितलं असतं तर मशीन बंद करावं लागलं असतं. आणि सांगायचं कधी? ते येऊन मोजदाद विचारायचे. मशीन कसं आहे असं कोणी विचारत नसे." मग पुढे म्हणाले, "दारावर तुझी पाटी होती."

हे त्यांनी सहज म्हटलं होतं. मला त्या रात्री झोप आली नाही.

मी ते अॅप बंद केलं. म्हणजे बावन्न विषय काढून टाकले. मित्राला सांगितलं की आता कोणी वाचून दाखवायचं नाही, एकच प्रश्न विचारायचा: आज काय नीट नाही? आणि चाळीस माणसांचा घोळका नको, चार गट करू. चाळिसांत कोण बोलतं? आपल्याही वर्गात साठ जणांत तेच पाच बोलायचे. पेठ-सुरगाण्याची मुलं, बिहारची मुलं, पॅकिंगमधल्या बायका, यांनी मालकासमोर तोंड उघडावं असं वाटत असेल तर मालकाने तिथे उभं राहू नये. हे त्याला लागलं. पण मानलं त्याने.

वेळेवरून मात्र भांडण झालं. मी म्हटलं, सात मिनिटं शिफ्टच्या आत धरायची, सातला सुरू करून सात वाजून सात मिनिटांनी संपवायची. लोकांना सव्वा तास सिटी बसमध्ये लटकत यायचं आणि वर सात मिनिटं आधी या म्हणायचं, हे चालणार नाही. त्याने लगेच मोबाइलवर हिशेब केला. "चाळीस गुणिले सात, २८० मिनिटं. रोज साडेचार तासांहून जास्त काम बुडणार." गणितात तो माझ्यापेक्षा पुढे होता, बाईंना माहीत आहे. मी एवढंच विचारलं, त्या मुलाचा हात फाटला त्या दिवशी कारखाना किती वेळ बंद होता? अर्धा दिवस. मग तो काही बोलला नाही.

पहिले चार दिवस कोणीही काही बोललं नाही. सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे. सुपरवायझर मला म्हणाला, मॅडम, हे आपल्या लोकांत चालायचं नाही. पाचव्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशी बोलल्या. त्यांना तर गटात कोणी धरलंही नव्हतं, त्या झाडू घेऊन बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "कॉम्प्रेसरमागं तेल गळतं. मी रोज चिंधी टाकते." रोज म्हणजे किती दिवस? "दिवाळीपासून." तेव्हा जून चालू होता.

मेंटेनन्सवाल्याने त्याच दुपारी एक फिटिंग बदललं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने, मी सांगितलं नसताना, पहिलं वाक्य असं उच्चारलं: "काल मावशींनी सांगितलं ते झालं." त्या दिवशी तीन जण बोलले.

मला विचाराल तर सगळी गंमत या वाक्यात आहे. विचारणं सोपं असतं. कालचं काय झालं हे आज सकाळी सांगणं अवघड असतं, कारण त्यासाठी काल काहीतरी करावं लागतं. जे होणार नसेल तेही सांगायचं. पत्र्याचं छप्पर एप्रिलमध्ये भट्टीसारखं तापतं, सगळं बदलायला आत्ता पैसे नाहीत, हे मित्राने स्वतः येऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत त्याने निदान पंखे लावले.

एक किस्सा ड्रिल मशीनचा. आमच्या बावन्न विषयांत एक होता, 'हातमोजे नेहमी वापरा'. माझ्याच हातचा, इंटरनेटवर वाचून लिहिलेला. ड्रिलवरचे एक वयस्कर ऑपरेटर एका सकाळी म्हणाले, "ते पोस्टर काढा इथलं. फिरत्या ड्रिलजवळ मोजा घातला तर मोजा अडकतो आणि मोज्याबरोबर हात जातो. नवीन पोरं पोस्टर बघून घालतात." त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. पत्रा उचलताना मोजे हवेत, ड्रिलवर नकोत. मी इंजिनिअर, आणि मी लिहिलेल्या सूचनेने कुणाचा तरी हात गेला असता. पॅकिंगमधल्या एका मुलीने ओढणीचं असंच सांगितलं, कन्व्हेअरच्या रोलरजवळ ती कशी दोनदा ओढली गेली ते.

मग आम्ही वहीत एक रकाना केला: 'थोडक्यात वाचलो'. नाव लिहायचं नाही, फक्त काय झालं ते. पहिल्या महिन्यात एकतीस नोंदी झाल्या. मित्राचा रात्री फोन आला, "अगं, माझा कारखाना आधी बरा होता की!" मी हसले, कारण आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. एखाद्या प्रोग्रॅमची नीट तपासणी सुरू झाली की पहिल्या महिन्यात चुकांची यादी वाढते. चुका आधीच असतात, दिसायला नंतर लागतात. आमच्याकडेही रोज सकाळी पंधरा मिनिटं उभ्याने बैठक असते, आणि तिचीही तीच गत होते. काही दिवसांनी प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून 'काल हे केलं, आज ते करणार' म्हणतो आणि अडलंय कुठे ते कोणीच सांगत नाही. मीही नाही सांगत, खोटं कशाला बोलू.

आपल्यात चार डॉक्टर आहेत, त्यांना पुढची गोष्ट ठाऊक असेल. अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, ज्यांचे वडील आपल्या विदर्भातले, यवतमाळ जिल्ह्यातले, त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी एक छोटी यादी केली. चाकू लावण्याआधी सगळ्यांनी दोन मिनिटं थांबायचं, एकमेकांना नावं सांगायची, रुग्ण कोण, काय करायचंय, काय बिघडू शकतं ते मोठ्याने बोलायचं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत करून पाहिलं, त्यात एक दिल्लीचं होतं. २००९मध्ये निष्कर्ष आले. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. जगभर गाजावाजा झाला. मग कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात तीच यादी सरसकट लागू केली, आणि २०१४मध्ये १०१ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणण्यासारखा फरक नाही. यादी वापरतो असं तर जवळजवळ सगळ्यांनी कळवलं होतं. तज्ज्ञ यावर पुष्कळ वाद घालतात आणि कारणं एकाहून जास्त असतील. पण मी ते वाचलं तेव्हा मला माझे हिरवे चौकोन दिसले.

लांब कशाला जायचं? कसाऱ्याहून इगतपुरीला घाट चढताना इंजिनातल्या केबिनमध्ये काय चालतं? चालक आणि सहचालक प्रत्येक सिग्नल हात करून मोठ्याने एकमेकांना सांगतात. एक म्हणतो, दुसरा तेच परत म्हणतो. दोन सेकंदांचं बोलणं. मला त्यातलं आवडतं ते हे की दुसऱ्याने उत्तर दिल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. आमच्या टूलबॉक्स टॉकमध्ये एकच बाजू होती.

आता कोणी विचारेल, मग अपघात किती कमी झाले? याचं उत्तर मी देणार नाही. चाळीस माणसांच्या कारखान्यात दोन-अडीच वर्षांच्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, आणि ज्याला सिद्ध करायचं असेल त्याला हवं ते करता येतं. मी एवढंच सांगू शकते की त्या वहीत काय लिहिलं गेलं आणि त्यातलं काय दुरुस्त झालं. दुसरं म्हणजे, बोलून बोट वाचत नाही. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणं हवीत, पुढे गार्ड हवा. त्या खर्चाच्या बदल्यात सात मिनिटं गप्पा मारल्या तर ती निव्वळ फसवणूक झाली. मित्राने तीन प्रेसना दोन हातांची बटणं बसवली, आणि त्यातल्या एकाचं एक बटण कोणीतरी चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलंय, हेही सकाळच्या सात मिनिटांतच कळलं. का ठेवलं? तर कोटा पुरा होत नव्हता. मग कोट्याबद्दल बोलावं लागलं. तिथे मित्राची आणि माझी अजून तणातणी चालू आहे.

कारखाने कायदा १९४८चा. २०२५पर्यंत तो लागू होता, आणि त्यात सुरक्षा अधिकारी नेमायची सक्ती होती ती हजार किंवा जास्त कामगार असतील तिथे, किंवा विशेष धोक्याच्या कामांसाठी सरकार सांगेल तिथे. आपल्या अंबड-सातपूरच्या गल्ल्यांतले चाळीस-पन्नास माणसांचे शेड मोजा. तिथे सुरक्षा अधिकारी म्हणजे मालक, त्याची बायको आणि सुपरवायझर. त्यातले कितीतरी मालक आज या मंडपात बसले आहेत, म्हणून हे सगळं इथे बोलले. एआयवर पुढच्या मेळाव्यात बोलेन, तोवर तेही जुनं झालेलं असेल.

सकाळपासून सगळे विचारताहेत की हे स्टेज मध्यभागी का नाही, डावीकडे का सरकवलंय, फोटो वाकडे येताहेत. काल संध्याकाळी मंडपाचं काम करणाऱ्या मुलांना चहा देताना मी सवयीने विचारलं, काय नीट नाही? एक मुलगा म्हणाला, "या झाडाची फांदी आतून पोकळ आहे, वाऱ्याने हलते." ती बरोबर मुख्याध्यापक सरांच्या खुर्चीवर येत होती. फांदी कापायला परवानगी लागते, स्टेज सरकवायला लागत नाही. तो मुलगा मागे साउंड सिस्टिमजवळ उभा आहे, जेवायला जाताना त्याला भेटा.

ज्यांना वर्कशॉपवर यायचं असेल त्यांनी मित्राला विचारून सोमवार ते शनिवार कधीही यावं. सात वाजता पोचा, सात वाजून पाच मिनिटांनी आलात तर निम्मं संपलेलं असेल. चहा मिळतो, पण उभ्याने.